‘नाही’ म्हणायला काय लागतं? मानवी हक्क आणि आर्थिक विषमता, सोप्या भाषेत

दिवाळी झाली की आमच्या बीडकडच्या गावात एक आठवडा वेगळाच असतो. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉल्या येऊन चावडीपाशी उभ्या राहतात आणि माणसं अख्खं घर त्यात चढवतात, कोपीसाठी, म्हणजे फडाजवळच्या झोपडीसाठी, बांबू, ताडपत्री, बाजरीच्या पिठाचे डबे, हंडे, अंथरुणं, एखादी शेळी आणि सगळ्यात वर पोरं. चार-पाच महिन्यांसाठी निम्मं गाव ऊसतोडीला जातं. आमच्या शेजारचे काका-काकू वीसेक वर्षं जातायत.

आणि मग थोड्याच दिवसांनी १० डिसेंबर येतो, मानवी हक्क दिन. सगळे माणसं जन्मतः समान आहेत अशा पोस्टी फिरायला लागतात. मागे एकदा आमच्या शाळेच्या जुन्या ग्रुपवर अशीच पोस्ट आली आणि एका मित्राने अगदी मनापासून विचारलं की हक्कांचा आणि पैशाचा संबंध काय, हक्क तर सगळ्यांना फुकटच मिळालेत ना, मग विषमता हा वेगळा विषय झाला ना? मी तिथे दोन ओळी लिहिल्या पण समाधान झालं नाही, कारण प्रश्न चांगला होता आणि दोन ओळीत मावणारा नव्हता. म्हणून हे सविस्तर.

आधी दोन शब्द समजून घेऊ

मानवी हक्क म्हणजे माणूस आहे एवढ्याच कारणावर जे मिळायला हवं ते. त्यासाठी कुणाची मेहरबानी लागत नाही, चांगलं वागल्याचं सर्टिफिकेट लागत नाही. १९४८ साली पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी याचा जाहीरनामा केला. त्याच्या पहिल्या कलमात आधी ‘सगळे पुरुष’ अशा अर्थाचा शब्द होता, तो बदलून ‘सगळी माणसं’ करायला लावला भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी. हे मला प्रत्येक वेळी सांगावंसं वाटतं.

त्या जाहीरनाम्यात फक्त मत द्यायचा, बोलायचा, कोर्टात जायचा हक्क नाहीये. पुरेसं अन्न, घर, औषधपाणी, शिक्षण, योग्य मजुरी आणि विश्रांती हेही त्याच यादीत आहे. पुढे अमेरिका-रशियाच्या भांडणात १९६६ साली या यादीचे दोन तुकडे झाले, एक करार नागरी-राजकीय हक्कांचा आणि दुसरा आर्थिक-सामाजिक हक्कांचा. भारताने १९७९ मध्ये दोन्ही मान्य केले. पण जगभर लोकांच्या डोक्यात बसलं ते असं की पहिले खरे हक्क आणि दुसरे म्हणजे सरकारला जमलं तर.

आपल्या घटनेतही अशीच विभागणी आहे. मूलभूत हक्क मोडले तर थेट कोर्टात जाता येतं. पण राहणीमान, योग्य मजुरी, संपत्ती मोजक्यांच्या हातात गोळा होऊ नये या गोष्टी मार्गदर्शक तत्त्वांत आहेत, म्हणजे सरकारने त्या दिशेने चालावं, पण नुसत्या त्या कलमावर तुम्ही दावा ठोकू शकत नाही.

दुसरा शब्द आर्थिक विषमता. गरिबी म्हणजे तुमच्याकडे किती कमी आहे, आणि विषमता म्हणजे तुमच्यात आणि दुसऱ्यात अंतर किती आहे. हे दोन वेगळे आहेत, पुढे कामाला येईल. भारतातलं अंतर किती, तर अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०२२-२३ साली वरच्या १ टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नातला साधारण २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४० टक्के वाटा होता.

हक्क म्हणजे ‘नाही’ म्हणता येणं

मला स्वतःला हे ज्या पद्धतीने समजलं तसंच सांगतो. कुठलाही हक्क घ्या आणि त्याच्या तळाशी बघा, तिथे एक ‘नाही’ असतं. आज अंगात ताप आहे, मी कामाला येणार नाही. या दरात करणार नाही. पोरीचं लग्न एवढ्यात करणार नाही. तुम्ही सांगाल त्याला मत देणार नाही. हे म्हणता आलं आणि म्हटल्यावर उद्याची चूल पेटली, तर हक्क आहे. म्हणताच येत नसेल तर कागदावर काहीही असो.

आता काकांचा हिशोब बघा. हंगाम सुरू व्हायच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच, मुकादम, म्हणजे कारखान्यासाठी मजूर गोळा करणारा ठेकेदार, येतो आणि उचल देतो. उचल म्हणजे आगाऊ पैसे, जे नंतर ऊस तोडून फेडायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, म्हणजे काकूची वेगळी मजुरी कुठेच लिहिली जात नाही, सगळं काकांच्या नावावर. एका वर्षी त्यांनी ८० हजार उचल घेतली होती. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. या वाढलेल्या दरानेही ८० हजार फेडायला जवळजवळ २१९ टन ऊस तोडावा लागतो. दोघं मिळून दिवसाला २ टन तोडतात असं धरलं तर झाले ११० दिवस, आणि तेही एकही खाडा न करता. खाडा म्हणजे गैरहजेरी, आणि खाड्याला दंड असतो, मजुरांच्या कितीतरी टोळ्यांत दिवसाला ५०० रुपये.

म्हणजे काकू तापाने फणफणली आणि कोपीत पडून राहिली तर त्या दिवसाची मजुरी गेली, वर ५०० रुपये कर्जात वाढले. विश्रांतीचा हक्क तिलाही आहे, मलाही आहे. मी पुण्यात ऑफिसला मेसेज टाकतो की आज बरं नाही आणि झोपतो, माझा पगार कापला जात नाही. तिला त्याच झोपेसाठी जवळजवळ साडेतीन टन ऊस जास्त तोडावा लागतो, कारण गेलेले २ टन भरून काढायचे आणि दंडाचे दीडेक टन वेगळे. तिच्या हक्काला किंमत पडते आणि ती तिच्या ऐपतीच्या बाहेरची आहे.

याचं सगळ्यात वाईट टोक आपण पेपरात वाचलंय. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायका तिशीच्या आसपासच पिशवी काढून घेतात, गावात गर्भाशयाला पिशवीच म्हणतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने याची चौकशी केली, जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहातली एक. देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. कारणं बरीच आहेत, कॅन्सरची भीती घालणारे दवाखाने आहेत, फडात ना संडास ना पाणी, लवकर लग्न, लवकर बाळंतपणं. पण पाळीच्या दिवसात खाडा परवडत नाही हे त्यातलं एक कारण बायका स्वतः सांगतात. कुणी कायदा केला नव्हता की पिशवी काढा. हक्क कुणी काढून घेतला असं बोट दाखवायला माणूसच सापडत नाही, आणि तरी तो गेलेला असतो.

“पण उचल त्यांनी स्वतःच घेतली ना, जबरदस्ती कुठेय?”

हा प्रश्न येतोच आणि तो वाईट हेतूने विचारला जातो असं मला वाटत नाही. माणूस सज्ञान आहे, पैसे घेतलेत, अंगठा लावलाय, मग करार पाळायला नको का?

याच्यावर सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच विचार करून ठेवलाय. दिल्लीत एशियाड खेळांसाठी स्टेडियम आणि उड्डाणपूल बांधले जात होते, तिथल्या मजुरांना किमान वेतनही हातात पडत नव्हतं, आणि केस कोर्टात गेली. घटनेचं २३ वं कलम वेठबिगारीला मनाई करतं. प्रश्न असा होता की बंदूक लावली नाही, साखळदंड नाही, माणूस स्वतःच्या पायाने कामावर आला, मग ही वेठबिगारी कशी? न्यायमूर्ती भगवतींचं म्हणणं असं की भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच आहे. दुसरा कुठलाच रस्ता नसल्यामुळे माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करतो तेव्हा ते काम राजीखुशीचं नसतं.

दलदलीत अडकलेल्या माणसाला कुणी म्हणालं की दोर टाकतो पण तुझं शेत माझ्या नावावर कर, तर तो हो म्हणेल. तो हो खोटा नाही. पण त्यावरून तो स्वखुशीने शेत देत होता असं कुणी म्हणणार नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुकादमही काही सगळे गब्बर नसतात, पुष्कळांनी स्वतः कर्ज काढून उचल वाटलेली असते आणि टोळी पळाली की त्यांची जमीन विकायची वेळ येते, आमच्याच गावात झालंय. कारखाना म्हणतो आमचा करार मुकादमाशी, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो मी नुसता मधला. म्हणजे या अख्ख्या साखळीत मालक म्हणून कुणीच उभा राहत नाही, आणि हक्क मागायचा तर समोर कुणीतरी लागतो ना.

गरिबी हटली की झालं ना, विषमतेचं काय घेऊन बसलात?

आता मघाशी केलेला फरक कामाला येतो. समजा सगळ्यांना पोटभर खायला मिळालं. तरीही अंतर प्रचंड असेल तर हक्क आखूड पडतात, कारण खूप गोष्टी अशा आहेत की त्यात तुमचं भागतं की नाही हे दुसऱ्याकडे किती आहे यावर ठरतं.

जामिनाचं घ्या. १९७८ ची केस आहे, मोतीराम नावाचा एक गवंडी होता, मध्य प्रदेशातला. वरच्या कोर्टाने जामीन दिला पण खालच्या न्यायाधीशाने जामीनदार मागितला १० हजारांचा. १९७८ चे १० हजार, गवंड्याकडे. शिवाय त्याचा भाऊ जामीनदार म्हणून चालला नाही कारण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला १ हजाराच्या स्वतःच्या बाँडवर सोडायला सांगितलं. ही सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलेली केस, न पोचलेल्या किती असतील. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. सगळे गरीब म्हणून अडकलेत असं नाही. पण जामिनाची तीच रक्कम एकाला संध्याकाळपर्यंत घरी आणते आणि दुसऱ्याला वर्षभर आत ठेवते.

शाळेचंही तेच. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरातल्या मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने नियम बदलला की १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा द्यायची गरज नाही. वरवर बघितलं तर मूल शाळेत जातंयच की, मग हक्क कुठे गेला? पण कामवाल्या मावशीची मुलगी आणि त्या जिथे काम करतात त्या घरातली मुलगी एका बाकावर बसतील ही जी शक्यता होती ती गेली. जुलै २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्द केला. मला तो निकाल फार महत्त्वाचा वाटतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, अंतर वाढलं की नियम कोण लिहिणार हेही त्यातच ठरतं. साखरेच्या धंद्यातच बघा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला त्यामागची कल्पना फार मोठी होती, शेतकरीच मालक, एका सभासदाला एक मत. त्यातून शाळा झाल्या, कॉलेजं झाली, दवाखाने झाले. आज कायदा सांगतो की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. हे पैसे थकतात, आंदोलनं होतात, सगळं मान्य. पण निदान नियम आहे, कारण शेतकरी सभासद होता, त्याला मत होतं, त्याचा आवाज विधानसभेपर्यंत पोचला. तोच ऊस ज्या बाईने तोडला, मोळी बांधली, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवली, ती त्या कारखान्याची कुणीच नाही. तिचं मतदान बीडला, ती हंगामात सांगली-कोल्हापूरला किंवा पार कर्नाटकात. निवडणूक हंगामात आली की मत द्यायलाही गावी जाता येतं न येतं.

बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत नेमकं हेच सांगून ठेवलं होतं, की २६ जानेवारीपासून आपण एका विसंगतीत पाऊल टाकतोय, राजकारणात समानता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर जे तिचे चटके सोसतात ते या लोकशाहीचा डोलाराच उधळून लावतील, असंही ते म्हणाले होते.

“म्हणजे सगळ्यांना सारखा पगार द्यायचा का?”

नाही. मानवी हक्कांच्या कुठल्याच करारात असं लिहिलेलं नाही. सर्जनला आणि वॉर्डबॉयला सारखा पगार असावा असं कुणी म्हणत नाहीये. प्रश्न एवढाच आहे की तळ कुठे आहे, आणि वरचं टोक इतकं वर गेलंय का की तिथून खालच्याचा तळच उपसता येतो. घरात दोन भाऊ असतात, एक कमावता, एक जेमतेम, तरी घर चालतं. पण मोठा भाऊ धाकट्याचं रेशनकार्ड, सातबारा आणि दवाखान्याचा निर्णय सगळं स्वतःच्या खिशात ठेवायला लागला तर तो प्रश्न पगाराचा राहत नाही.

“आणि हे सगळं करायला पैसा कुठून येणार?”

नोकरी करणाऱ्यांनी आपली पगाराची स्लिप काढून बघा. पीटी म्हणून २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. हा व्यवसाय कर. फार कमी लोकांना माहितीये की महाराष्ट्राने १९७५ मध्ये हा कर आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला.

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आमच्या घरात अजून निघतात, आजी खडी फोडायला जायची, सुकडी खाऊन दिवस काढले. त्या दुष्काळातून वि. स. पागे यांनी आधीपासून मांडलेली कल्पना राज्यभर गेली, की मागेल त्याला काम. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो कारण इथे योजना आणि हक्क यातला फरक अगदी स्वच्छ दिसतो. योजना असेल तर साहेब म्हणतो यंदा बजेट नाही, पुढच्या वर्षी या. हक्क असेल तर तुम्ही अर्ज द्यायचा, पावती घ्यायची, आणि १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकारभत्ता द्यावा लागतो. शहरातल्या पगारदाराने थोडे पैसे दिले आणि गावातल्या बाईच्या हातात एक ‘नाही’ आलं, कारण पाटलाच्या रानात कमी मजुरीत जाण्याऐवजी तिला दुसरा रस्ता दिसला. पुढे २००५ मध्ये देशासाठी तसाच कायदा झाला.

सगळं छान चाललं असं म्हणायचं नाही मला. खोटी हजेरीपटं झाली, मजुरी महिनोनमहिने अडकली, नंतर नंतर कामंच काढली जाईनात. त्या गोष्टी दुरुस्त करायच्या आहेत. पण पैसा कुठून आणणार याला महाराष्ट्राने एकदा उत्तर देऊन दाखवलंय, आणि तेव्हा आपण आजच्या कितीतरी पट गरीब होतो.

आणि खरं तर प्रत्येक गोष्टीला सरकारी तिजोरी लागतही नाही. कोयत्यामागे दोन नावं लिहायची आणि बाईचा हिशोब तिच्या खात्यात, याला किती खर्च आहे? खाड्याचा दंड बंद करायचा. कारखान्याने मालक म्हणून नोंद घ्यायची. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार महामंडळ झालंय, गाळपाच्या टनामागे कारखान्यांकडून पैसे घ्यायचे ठरलंय, मुलांसाठी वसतिगृहं सुरू झालीत, म्हणजे सुरुवात आहे. पोर वसतिगृहात राहिलं तर उसाच्या फडात लहान भावंडाला सांभाळत बसत नाही, त्याच्यापुरता तरी शिक्षणाचा हक्क कागदावरून खाली उतरतो.

शेजारच्या घरातलं

काका-काकूंना पाचसहा वर्षांपूर्वी रोजगार हमीतून विहीर मंजूर झाली. कागदपत्रांसाठी दीड वर्ष तालुक्याला खेटे घातले, दोनदा फाइल परत आली, पण झाली. ४० फुटांवर पाणी लागलं. दोन एकर आहे, त्यात कांदा आणि थोडा भाजीपाला निघायला लागला, काकूने दोन शेळ्यांच्या सात केल्या.

गेल्या पावसाळ्यात मुकादम नेहमीसारखा गाडी घेऊन आला तेव्हा मी गावीच होतो, आमच्या ओट्यावरून दिसत होतं सगळं. त्याने पिशवीतून पैसे काढून बाजेवर ठेवले, या वेळी एक लाख देतो म्हणाला. काका काहीच बोलले नाहीत, काकूकडे बघत राहिले. काकू आतून चहा घेऊन आली, कप त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “धाकटीची दहावी हाय दादा यंदा. आमी नाय येत.”

मुकादमाने चहा संपवला, पैसे उचलले आणि तो पुढच्या घराकडे गेला. पुढच्या घरात विहीर नाहीये.